बापू नाडकर्णींचा खरा पराक्रम कोणता?

बापू नाडकर्णी हे नाव कोणी उच्चारले की पुढचे वाक्य ठरलेलेच असते : "एकवीस निर्धाव षटके!" क्रिकेटमधले ओ की ठो न कळणारा माणूसही एवढे सांगतो. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तो एका ओळीचा प्रश्न आहे आणि एका ओळीचे उत्तर आहे. पण १३ वर्षांची कारकीर्द, ४१ कसोटी सामने, १,४१४ धावा आणि ८८ बळी, एवढे सगळे ज्या माणसाच्या नावावर आहे त्याला आपण एका दुपारच्या आकड्यात कोंडून ठेवले आहे, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. म्हणून हा लेखनप्रपंच. माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाकतो : एकवीस निर्धाव षटके हा बापूंचा सर्वांत मोठा विक्रम असेल, परंतु ती त्यांची सर्वश्रेष्ठ कामगिरी नव्हे. ती कामगिरी वेगळीच आहे. ती त्याच वर्षी, त्याच शहरात आणि त्याच मैदानावर झाली. आणि ती आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

हा वाद आमच्यात कसा निघाला ते थोडक्यात सांगतो. पालघर-बोईसरकडे क्रिकेटचा विषय निघाला की तो शार्दूल ठाकूरवर येणारच. तो आपल्या माहीमचा. इथल्या शाळांत शिकला, पुढे बोरिवलीच्या शाळेकडून खेळला आणि क्रिकेटचे अवजड किट पाठीवर घेऊन त्याने वर्षानुवर्षे मुंबईची गाडी धरली. त्याच गाडीच्या गर्दीत आम्हीही लोंबकळतो, त्यामुळे त्याच्यावर आमचा हक्क जरा अधिकच! तेव्हा त्याची सर्वोत्तम कामगिरी कोणती, यावर बोईसर ते पालघर या दोन स्टेशनांच्या अंतरात कितीदा तरी हमरीतुमरी झाली आहे. एक गट म्हणतो ब्रिस्बेन. जानेवारी २०२१, ६ बाद १८६ अशी अवस्था असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी आणि स्वतःच्या ६७ धावा. दुसरा गट म्हणतो जोहान्सबर्ग. जानेवारी २०२२, ६१ धावांत ७ बळी. पहिल्या गटाचा हुकमी मुद्दा असा, की ब्रिस्बेनला आपण जिंकलो आणि जोहान्सबर्गला हरलो. "हरलेल्या सामन्यातली कामगिरी कसली श्रेष्ठ?" या एका वाक्याने दुसऱ्या गटाचे तोंड बंद होते.

अशाच एका वादात कोणीतरी बापूंचे उदाहरण दिले. "अरे, एकवीस षटके निर्धाव टाकूनसुद्धा सामना अनिर्णितच राहिला ना? मग ती कामगिरी का मोठी मानता?" प्रश्न बिनतोड होता. तेव्हापासून मी बापूंच्या मागे लागलो. जुने धावफलक पाहिले, आकडे जुळवले, आमच्या इतिहासाच्या सरांशी वाद घातला. त्यातून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम माणसाची ओळख. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला झाला. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात नाबाद ६८ धावा काढल्या. डावखुरे फलंदाज आणि डावखुरे मंदगती गोलंदाज. आधी महाराष्ट्राकडून व पुढे मुंबईकडून ते रणजी करंडक खेळले. १९६०-६१ मध्ये दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा काढल्या होत्या. म्हणजे नुसता चेंडू टाकून गप्प बसणारा हा गडी नव्हता. मार्च १९६८ मध्ये ऑकलंडला ते शेवटची कसोटी खेळले आणि १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर एक नाणे ठेवीत आणि तासन् तास त्या नाण्यावर चेंडू टाकीत, अशी त्यांची गोष्ट सांगतात. कसोटी कारकिर्दीत त्यांनी दर षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या. आज वीस षटकांच्या सामन्यात षटकाला सात धावा देणाऱ्या गोलंदाजाची पाठ थोपटली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा नुसता वाचूनही घाम फुटतो!

बापूंची कला ही बचावाची कला होती. आणि इथेच खरी अडचण आहे. बचाव मोजायचा कशाने? आक्रमणाचे माप सोपे असते : किती धावा काढल्या, किती बळी घेतले, किती ठोसे लगावले. बचावात जे घडते ते म्हणजे 'काही न घडणे'. ते डोळ्यांना दिसत नाही आणि टाळ्याही मिळवत नाही.

आपल्या बोईसर-तारापूरच्या घरांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे आणि तेथे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची कुटुंबे आपल्या वर्गावर्गांत आहेत. माझे वडीलही त्यांपैकीच. रात्रपाळी करून ते घरी आले की आई विचारते, "काय विशेष?" आणि ते म्हणतात, "काही नाही." हे 'काही नाही' म्हणजे त्यांच्या कामाचे पूर्ण गुण! आठ तास डोळ्यांत तेल घालून बसायचे ते काही घडू नये म्हणून. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, खाडीच्या बंधाऱ्याची डागडुजी करणारा शेतकरी, या सगळ्यांच्या कामाची जात हीच आहे. त्यांच्या नावाने बातमी येते ती चुकल्यावर; न चुकल्याबद्दल येत नाही.

म्हणून बापूंच्या एकवीस षटकांचे कौतुक झाले याचा मला आनंदच आहे. 'काही न घडण्या'ची नोंद ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांतली ती एक. पण मग पुढचा प्रश्न येतो. सगळे 'काही न घडणे' सारख्याच मोलाचे असते काय?

याचे उत्तर आपल्या खो-खोच्या मैदानावर मिळते. खो-खो हा असा देशी खेळ आहे की ज्यात बचावाला घड्याळ लावतात. अमुक खेळाडूने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. आता विचार करा. संघाकडे आठ गुणांची आघाडी असताना केलेले दोन मिनिटांचे संरक्षण आणि गुण बरोबरीत असताना, शेवटच्या पाळीत, दमछाक झालेल्या पायांनी केलेले दोन मिनिटांचे संरक्षण, ही दोन्ही घड्याळाला सारखीच दिसतात. पण मैदानाभोवती उभा असलेला शेंबडा पोरसुद्धा सांगेल की ती सारखी नाहीत. बचावाचे मोल ठरते ते तीन गोष्टींवरून. समोर कोण होता? पणाला काय लागले होते? आणि त्या बचावातून पुढे काय निघाले? या तीन कसोट्या लावून आपण बापूंच्या कामगिऱ्या तपासू.

पहिली अर्थातच ती प्रसिद्ध दुपार. तारीख १२ जानेवारी १९६४; मद्रासचे कॉर्पोरेशन स्टेडियम, म्हणजेच पुढचे नेहरू स्टेडियम; इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीचा तिसरा दिवस. भारताने बुधी कुंदरनच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धावांच्या जोरावर ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. इंग्लंडकडून ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळत होते. बापूंनी ओळीने २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव गेली नाही. डावाअखेर त्यांचे पृथक्करण असे होते : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

हे आकडे थक्क करणारे आहेत यात संशय नाही. कसोटी क्रिकेटमध्ये एवढी सलग निर्धाव षटके दुसऱ्या कोणीही टाकलेली नाहीत. केवळ चेंडूंचा हिशेब केला तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७ मध्ये सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. पण तेव्हा तिथे आठ चेंडूंचे षटक असे, म्हणून षटकांचा विक्रम बापूंकडे राहिला. शिवाय मद्रासचे हे यश अपघाताने आलेले नव्हते. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला त्यांनी ३२ षटकांत २३ धावा, आणि दिल्लीला ३४ षटकांत २४ धावा दिल्या होत्या. दोन्ही वेळा २४ षटके निर्धाव! मद्रासला जे पीक आले त्याची पेरणी कित्येक वर्षे चालू होती.

पण आता तीन कसोट्या लावा. समोर कोण होता? बोलस आणि बॅरिंग्टन हे चांगले फलंदाज. पण त्या दिवशी त्यांनी धावा काढायच्याच नाहीत असे जणू ठरवले होते. इंग्लंडचे काही खेळाडू पोटाच्या दुखण्याने आजारी होते, समोर ४५७ धावांचा डोंगर होता आणि खिंड लढवणे एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणजे एका बाजूला धाव न देणारा गोलंदाज आणि दुसऱ्या बाजूला धाव न मागणारे फलंदाज! पणाला काय लागले होते? सामना भारताच्या हातात होता. भारताला हवे होते ते बळी, आणि वेळ जाणे हे इंग्लंडच्या सोयीचे होते. आणि निघाले काय? इंग्लंडचा डाव ३१७ वर संपला. दुसऱ्या डावात बापूंनी ६ षटकांत ६ धावा देऊन २ बळी घेतले, पण इंग्लंडने ५ बाद २४१ पर्यंत मजल मारली आणि सामना अनिर्णित राहिला.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "अरे, पण दुसऱ्या टोकाकडून बोर्ड्यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले ना? बापूंनी एक दार बंद केले म्हणूनच फलंदाज दुसऱ्या दाराने निसटू पाहत होते!" मुद्दा योग्य आहे आणि तो मी नाकारत नाही. बचाव करणाऱ्याच्या श्रमाचे फळ पुष्कळदा शेजाऱ्याच्या पदरात पडते. पण एवढे मान्य करूनही, एखाद्या कलावंताची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून आपण त्याचा रियाज दाखवायचा की त्याची मैफल? मद्रासची ती दुपार हा मला बापूंचा अलौकिक रियाज वाटतो. नाण्यावर चेंडू टाकण्याचा सराव त्या दिवशी हजारो प्रेक्षकांसमोर झाला, इतकेच.

येथे सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही, कारण ते तंतोतंत जुळते. मुष्टियुद्धात अमेरिकेचा विली पेप हा बचावाचा बादशहा मानला जातो. ठोसा लागण्यापूर्वीच तो तेथून निसटलेला असे. त्याची दंतकथा अशी की, १९४६ मध्ये जॅकी ग्रेव्हजविरुद्ध त्याने एक फेरी एकही ठोसा न मारता, केवळ चकवून जिंकली. हे खरोखर घडले का, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पण पेपचे नाव निघाले की लोक हीच गोष्ट सांगतात. ती म्हणजे पेपची एकवीस निर्धाव षटके! परंतु मुष्टियुद्धाचे अभ्यासक पेपची श्रेष्ठ लढत म्हणून बहुधा दुसऱ्याच रात्रीकडे बोट दाखवतात. ऑक्टोबर १९४८ मध्ये सँडी सॅडलरने त्याला चौथ्या फेरीत लोळवून विश्वविजेतेपद हिसकावून घेतले होते. सॅडलर उंच, ताकदवान, आणि पेपला कसे पाडायचे हे शिकलेला. त्याच सॅडलरसमोर ११ फेब्रुवारी १९४९ रोजी पेप पुन्हा उभा राहिला, १५ फेऱ्या खेळला, जखमी चेहऱ्याने खेळला आणि विजेतेपद परत घेऊन आला. चकवणे तेच, पाय तेच. पण यावेळी समोर वैरी कडवा होता, पणाला सर्वस्व होते आणि चकवण्याबरोबर प्रहारही होता. बचावपटूची श्रेष्ठता पाहायची ती अशा रात्री.

मग बापूंची 'अशी रात्र' कोणती? तीन उमेदवार असे आहेत की ज्यांचा विचार केल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

पहिला उमेदवार फेब्रुवारी १९६४ चे कानपूर. त्याच इंग्लंडविरुद्ध पाचवी कसोटी. इंग्लंड ८ बाद ५५९; भारत सर्वबाद २६६; म्हणजे २९३ धावांनी मागे आणि फॉलोऑन. पहिल्या डावात बापू नाबाद ५२. दुसऱ्या डावात त्यांना वरच्या क्रमांकावर पाठवले आणि ते नाबाद १२२! सामन्यात १७४ धावा, आणि इंग्लंडचा एकही गोलंदाज त्यांना बाद करू शकला नाही. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. आमच्या सरांचे मत कानपूरला आहे. ते म्हणतात, "गोलंदाजाने फलंदाजी करून सामना वाचवला, याहून मोठा बचाव कोणता?" सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो की, ती खेळपट्टी फलंदाजांची सखी होती. फॉलोऑननंतर भारताच्या धावा झाल्या ३ बाद ३४७. सरदेसाई ८७, दुराणी नाबाद ६१, कुंदरन ५५. त्या मालिकेतले पाचच्या पाच सामने अनिर्णित राहिले. धोका होता, पण दरीच्या काठावरचा नव्हता.

दुसरा उमेदवार ऑक्टोबर १९६४ ची मुंबईची ब्रेबॉर्न स्टेडियमवरची कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात बापूंनी ३३ धावांत ४ बळी घेतले आणि भारताने तो सामना २ गड्यांनी जिंकला. कामगिरी मोलाची, पण त्याच डावात चंद्रशेखरनेही ४ बळी घेतले आणि शेवटी बोर्ड्यांनी किल्ला लढवून विजय मिळवला. हा अनेकांचा मिळून झालेला विजय होता.

तिसरा उमेदवार सर्वांत तगडा. वेलिंग्टन, १९६८. मालिका एक-एक अशी बरोबरीत. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात बापूंचे ४३ धावांत ६ बळी, ही त्यांची एका डावातली सर्वोत्तम गोलंदाजी. भारताने सामना ८ गड्यांनी जिंकला आणि पुढे ऑकलंडही जिंकून परदेशात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. बापू त्या वेळी पस्तिशीला टेकले होते. पणाला पुष्कळ होते आणि त्यातून इतिहास निघाला, म्हणजे दोन कसोट्या पूर्ण! परंतु पहिली? न्यूझीलंडचा तो संघ त्या काळच्या बलाढ्य संघांत गणला जात नव्हता. शिवाय त्या सामन्यात वाडेकरांचे १४३ धावांचे शतक होते आणि पहिल्या डावात प्रसन्नाने ३२ धावांत ५ बळी घेतले होते. पालखी अनेक खांद्यांवर होती.

आता माझा उमेदवार. मद्रास, ऑक्टोबर १९६४. तेच शहर, तेच कॉर्पोरेशन स्टेडियम. एकवीस षटकांच्या त्या दुपारनंतर जेमतेम नऊ महिने झाले होते. समोर ऑस्ट्रेलिया. आणि कोणता ऑस्ट्रेलिया? नुकताच इंग्लंडमध्ये जाऊन ॲशेस मालिका जिंकून आलेला. कर्णधार बॉबी सिम्प्सनने त्याच जुलैमध्ये मँचेस्टरला ३११ धावा काढल्या होत्या. त्याच्या जोडीला बिल लॉरी, नॉर्मन ओनील, पीटर बर्ज. हे खिंड लढवायला आलेले आजारी पाहुणे नव्हते. हे जिंकायला आलेले लोक होते.

ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव २११ धावांत आटोपला. बापू : ३१ धावांत ५ बळी. भारताने पतौडीच्या झुंजार नाबाद १२८ धावांच्या आधारावर २७६ केल्या, म्हणजे ६५ धावांची आघाडी. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने ३९७ धावा उभ्या केल्या. त्या लांबलचक डावात बापूंनी पन्नासांहून अधिक षटके टाकली आणि ९१ धावांत ६ बळी घेतले. सामन्यात १२२ धावांत ११ बळी! ऑस्ट्रेलियाचे वीस गडी बाद झाले, त्यांपैकी अकरा एकट्या बापूंनी टिपले.

याहून अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. दोन्ही डावांत त्यांनी दिलेल्या धावा षटकामागे दोनपेक्षा कमीच होत्या. बळी मिळवण्यासाठी त्यांनी आपला स्वभाव बदलला नाही. चेंडूला अधिक उंची देऊन लालूच दाखवावी, दोन चौकार खाऊन एक बळी घ्यावा, असा सौदा त्यांनी केला नाही. जानेवारीत ज्या काटकसरीने एकही बळी मिळाला नव्हता, त्याच काटकसरीने ऑक्टोबरमध्ये अकरा मिळाले. फरक कुठे पडला? मला वाटते, तो समोरच्या माणसात पडला. ज्याला काही नकोच आहे, त्याला काही न देण्याने त्याचे काय बिघडते? पण ज्याला हवे आहे, त्याला दर षटकाला नकार मिळत गेला की तो हात पुढे करतो. आणि हात पुढे केला की चुकतो. म्हणून बचाव ही निष्क्रियता नव्हे. भुकेल्या शत्रूसमोर केलेला बचाव हे आक्रमणच असते, फक्त ते शत्रूच्या हातून होते! बापूंच्या कलेचा हा गाभा मद्रासला, सर्वांत बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर, पाच दिवस उजेडात होता. त्यांची एकवीस षटके हा त्या कलेचा अर्धा भाग. अकरा बळी हे तिचे पूर्ण रूप.

आता तो जुना मुद्दा. हा सामना भारत हरला. जिंकण्यासाठी ३३३ धावा हव्या होत्या. हनुमंतसिंगने ९४ धावांची एकाकी झुंज दिली, पण भारत १९३ वर गडगडला आणि १३९ धावांनी पराभूत झाला. म्हणूनच हा पराक्रम विस्मृतीत गेला असावा. जिंकलेल्या सामन्याची आठवण गावभर फिरते, अनिर्णित सामन्यातला विक्रम पुस्तकात जातो आणि हरलेल्या सामन्यातले शौर्य कोणाच्याच मालकीचे राहत नाही.

परंतु मित्रहो, पराभव कोणाचा? गोलंदाजाचे काम वीस गडी बाद करण्याचे. ते झाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एका माणसाने केले. धावा काढण्याचे काम अपुरे राहिले, तर त्याचा दंड त्याच्या खात्यात का? आपण इतिहासाच्या पेपरात पानिपतावर दहा गुणांचे उत्तर लिहितो, तेव्हा पराभवाची कारणे लिहितो. पण तेथे लढलेल्यांचे शौर्य पराभवामुळे खोटे ठरले असे लिहीत नाही. तीच विवेकबुद्धी क्रिकेटच्या मैदानाजवळ आल्यावर आपण गुंडाळून का ठेवतो? निकाल हा संघाचा असतो. कामगिरी माणसाची असते. दोहोंची गल्लत केली की मग ज्याला जिंकणारे सोबती लाभले तोच मोठा, असा अजब न्याय होऊन बसतो.

कोणी म्हणेल, साठ वर्षांपूर्वीच्या सामन्यावर एवढे डोके कशाला शिणवायचे? परीक्षेत तर येणार नाही! पण मला हा प्रश्न केवळ क्रिकेटचा वाटत नाही. माणसाची आठवण आपण कशी ठेवतो, याचा हा प्रश्न आहे. विक्रम सोपा असतो. तो एका ओळीत मावतो, पाठ होतो, सांगताना चटकदार वाटतो. पण तोच विक्रम कधी कधी माणसाच्या अंगावर पडदा टाकतो. एकवीस षटकांच्या आकड्याने बापूंना 'चिक्कू गोलंदाज' अशी एक गमतीदार पदवी चिकटवून टाकली. ज्याने ऑस्ट्रेलियाचे अकरा गडी टिपले, इंग्लंडसमोर सामनाभर नाबाद राहून १७४ धावा काढल्या, परदेशातल्या पहिल्या मालिका-विजयात सहा बळींचा वाटा उचलला, तो माणूस त्या पदवीत कुठे सापडतो? आपल्यातही असे पुष्कळ आहेत. कोणाची ओळख एका बक्षिसाने होते, कोणाची एका नापास झालेल्या विषयाने. दोन्ही आकडे खरे असतात. पण दोन्ही मिळूनही माणूस पुरा होत नाही.

आणि शार्दूलचे काय? ब्रिस्बेन की जोहान्सबर्ग? माझे उत्तर चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, तरी ते मी कोणावर लादत नाही. माझी मागणी एवढीच की यापुढे गाडीत हा वाद रंगला तर "हरलो ना पण!" हे वाक्य हुकमाचे पान म्हणून टाकण्यास बंदी असावी. समोर कोण होता, पणाला काय होते आणि त्या माणसाने आपल्या वाट्याचे काम किती निभावले, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि मग खुशाल भांडावे. बापू नाडकर्णींना एका दुपारचे मानकरी न ठेवता, त्याच मैदानावरच्या ऑक्टोबरमधल्या त्या अकरा बळींचेही मानकरी करावे, असा ठराव मी या लेखाद्वारे मांडत आहे. अनुमोदन कोण देतो?